वरणातलं औषध

मी वायरमन आहे. रेणापूर तालुक्यात नोकरी, वीस वर्षं झाली. खांबावर चढण्याआधी आम्ही सबस्टेशनला फोन करून परमिट घेतो. मग तिथला ऑपरेटर त्या लाईनचा पुरवठा बंद करतो, रजिस्टरला आमचं नाव लिहितो, आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानं स्वतःच्या तोंडानं ते परत केल्याशिवाय बटणाला हात लावत नाही. गावानं शिव्या घातल्या तरी नाही. आमचा जीव या एवढ्या नियमावर टिकून असतो.

एके दिवशी मी परमिट घेऊन खांबावर चढलो आणि चार गावांची लाईट बंद ठेवून लातूरच्या दवाखान्यात जाऊन पडलो. त्या दिवसापासूनचं सांगतो. ज्यांच्या घरात माझ्यासारखा माणूस आहे, किंवा जो स्वतःच तसा आहे, त्यानं हे वाचलं तर बरं. सल्ला द्यायची माझी लायकी नाही. मला भीती कशी वाटली, ते मात्र मी बरोबर सांगू शकतो.

खांबावर

कामावर जाण्याआधी मी सकाळीच एक क्वार्टर घ्यायचो. मौज म्हणून नाही. नाही घेतली तर हात थरथरायचे, आणि थरथरत्या हातात पक्कड टिकत नाही. लोकांना वाटतं दारुड्याला दारू आवडते. शेवटची दोन वर्षं मला तिचा वाससुद्धा सहन होत नव्हता. नाक दाबून घ्यायचो.

त्या दिवशीही घेतली. वीसेक मिनिटांत खांबावर होतो. बेल्ट अडकवला, हात वर केला आणि मानेपासून काहीतरी गरम वर चढलं. तोंड भाजल्यासारखं झालं. छाती इतकी धडधडायला लागली की मला ती कानात ऐकू येत होती. श्वास पुरेना. लाईन बंद आहे, परमिट माझ्याच नावावर आहे, हे ठाऊक असूनही मला वाटलं शॉक बसला. खाली आमचे गणपतराव उभे होते. त्यांना हाक मारायला तोंड उघडलं आणि उलटी झाली.

मी मरतोय, एवढंच डोक्यात होतं. गणपतराव पन्नाशी ओलांडलेले, गुडघे दुखतात म्हणून एरवी चढायला कुरकुर करणारे. तेच वर आले आणि त्यांनी मला कसं खाली उतरवलं, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशातला फोन वाजत होता. बायको, सुजाता, तोवर पोचली होती. तिनं फोन घेतला. पलीकडे ऑपरेटर. परमिट रिटर्न कधी करताय, असं तो विचारत होता. सुजाता म्हणाली, "इथं माणूस मरायलाय, आन् तुमी काय मागायलाव?"

गणपतरावांनी तिला समजावलं. खांबावर आपलं कोणी नाही, साहित्य उतरवलंय, पण हे याच्याच तोंडून जायला पाहिजे. तिनं फोन माझ्या तोंडाशी धरला. मी नाव सांगितलं, लाईन सांगितली, परमिट परत, म्हणालो. शुद्धीवर आल्यानंतर मी बोललेलं पहिलं वाक्य ते.

पुडी

डॉक्टरांनी विचारलं, दारूशिवाय आणखी काय घेतलंय? कुठली गोळी, कुठलं औषध? मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं. मी चिडलो. पितो ते कबूल केलंय, आता न घेतलेलं काय कबूल करू?

"म्या दिलंय, सर," सुजाता म्हणाली. "वरणातून दिलं."

पर्समधून तिनं कागदाची एक पुडी काढली. पांढरी पूड, अर्धी संपलेली. बिलोलीच्या बाजारात एक माणूस बसतो, दारू सोडवायचं औषध देतो, पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही, अशी त्याची अट. माझ्या सासूबाई, म्हणजे मामी, नायगावला राहतात. त्यांनी ती पुडी आणून लेकीला दिली होती. आठ दिवस सुजाता ती चिमूट चिमूट माझ्या वरणात घालत होती, फरक दिसेना म्हणून आदल्या रात्री दुप्पट. चमच्यानं ढवळून, वर कोथिंबीर टाकून.

डॉक्टरांनी पूड पाहिली, कागद पाहिला. ते म्हणाले, ही जडीबुटी वगैरे नसावी, गोळीच कुटलेली दिसतेय. ही गोळी आम्हीही देतो. पण माणसाला सांगून, त्याच्या तपासण्या करून, दारू पूर्ण थांबवल्यावर. गोळी पोटात असताना दारू प्यायली की काय होतं, ते तुम्ही आज बघितलंय. माणूस जातोसुद्धा.

गोळीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते वाचून कोणीतरी दुकानात जाईल आणि घरच्या वरणात घालेल. तेवढं पाप मला नको.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी मला माझ्या आजाराचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं हृदयाचं काही असेल, लिव्हरचं असेल. व्यसन हा आजार आहे, ते म्हणाले. तुमची इच्छाशक्ती कमी आहे वगैरे मी काही म्हणणार नाही. मेंदूला सवय लागलीय, ती औषधानं आणि बोलण्यानं, दोन्हीनं सुटते. भरती व्हायची गरज सध्या दिसत नाही, आठवड्याला यायचं. पण एक लक्षात ठेवा. अचानक स्वतःच्या मनानं दारू बंद करू नका, फिट येऊ शकते. गोळ्या देतो, त्यांच्या आधारानं बंद करू.

मला आजार आहे हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. शिवी सवयीची होती, आजार नवीन होता. आणि खरं सांगायचं तर माझं लक्ष डॉक्टरांकडे नव्हतंच. मी सुजाताच्या हातांकडे बघत होतो. वीस वर्षं त्या हातचं खाल्लं होतं.

सोलून खायच्या वस्तू

घरी आल्यावर मी जेवणं सोडलं. भूक होती. पण ताट समोर आलं की मी ते सरकवून द्यायचो. सुजातानं माझ्यासमोर माझ्या ताटातला पहिला घास खाऊन दाखवला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो, ती गिळते की नाही. आता ते आठवलं की मान खाली जाते.

मग मी एक युक्ती काढली. जे सोलून खाता येतं तेवढंच खायचं. केळी, उकडलेली अंडी, भुईमुगाच्या शेंगा. बिस्किटं, पण पुडा मी फोडणार. ज्यात काही मिसळता येत नाही ते अन्न. रोज स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हातानं क्वार्टरभर विष पोटात घालणारा मी, बायकोच्या वरणाला भीत होतो. गंमत वाटेल ऐकणाऱ्याला. मला तेव्हा अजिबात गंमत वाटत नव्हती.

पहिले सहा दिवस वाईट गेले. गोळ्या सुजाताकडे होत्या, कारण माझ्याकडे दिल्या तर मी एकदम घेईन, असं डॉक्टरांना वाटत होतं आणि ते चूक नव्हतं. त्या गोळ्या तरी मी तिच्या हातून घेतल्या, कारण त्या पाकिटातून माझ्यासमोर फोडल्या जायच्या. घाम, थरथर, पायात गोळे. तिसऱ्या दिवशी भर दुपारी मला समोरच्या भिंतीवर तारा दिसायला लागल्या. अकरा हजार व्होल्टच्या, लोंबणाऱ्या, आणि त्या जिवंत आहेत हे मला पक्कं माहीत होतं. मी सुजाताला ओरडलो, भिंतीला हात लावू नको. ती भिंतीपाशी गेली नाही. "न्हाई लावत," म्हणाली, आणि लगेच दवाखान्यात फोन लावला. त्यांनी तासाभरात बोलावून घेतलं, तपासलं, गोळ्या बदलल्या. जीपमध्ये सगळ्या वाटेत तिनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला तिची भीती वाटत होती आणि तिनं हात सोडू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

मंगळवार

नंतर दर मंगळवारी लातूर. केसपेपर, मग बाकावर बसणं. दारावर मनोविकार विभाग अशी पाटी, आणि मी तोंडाला रुमाल बांधून बसायचो. तालुक्यातल्या निम्म्या घरांचे मीटर मी बसवलेत. कोणीतरी ओळखेल, वायरमन वेडा झाला म्हणेल, ही धास्ती. तिथल्या सिस्टर नाव पुकारत नसत, केसपेपरचा नंबर पुकारत. एवढ्याशा गोष्टीचे उपकार मी विसरलो नाही.

आत गेलं की डॉक्टर दारू तपासायच्या नळीत फुंकर मारायला लावत. मी प्यायलेलो नसायचो तरी काटा वर जाईल असं वाटायचं. मग वजन, मग गोळ्या, मग शेजारच्या खोलीत समुपदेशक मॅडम.

बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त गुरुजी असायचे, चाकूरकडचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलणार. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "देशी का इंग्लिश?" मी रुमालाआडून बोललो, इंग्लिश. "मंग तुमी माझ्या वरच्या वर्गात," म्हणाले. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान. मी ठरवून गेलो होतो की काही बोलायचं नाही. त्या माझ्या दारूबद्दल विचारतच नव्हत्या. खांबाबद्दल विचारायच्या. वर चढल्यावर खालच्या माणसावर तुमचा विश्वास कसा बसतो? मी म्हणालो, विश्वास कुठला, नियम आहे. ऑपरेटरला मी कधी पाहिलंसुद्धा नाही. तो चांगला का वाईट, मला काय करायचंय? रजिस्टरला माझं नाव आहे तोवर तो बटण दाबणार नाही.

मॅडमनी ते लिहून घेतलं. मला वाटलं विषय संपला.

सही

दोन महिन्यांनी रक्ताचे रिपोर्ट बरे आले तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता ती गोळी सुरू करता येईल. तीच. सगळं समजावून सांगितलं, सहीसाठी कागद पुढे केला. कुठल्या वस्तूंत दारूचा अंश असतो त्याची यादी दिली. खोकल्याचं औषध, काही थेंबांची औषधं, दाढीनंतरचं लोशन. आणि रोज सकाळी घरच्या माणसाच्या समोर घ्यायची.

मी नको म्हणालो. खांबावरचा तो चेहऱ्याचा जाळ आठवला आणि मी कागद परत सरकवला. पण दुसरी भीतीही होती. ऑफिसनं मला खांबावरून काढून तक्रारींच्या टेबलावर बसवलं होतं. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळं अंग दुकानाकडे ओढलं जायचं. मी रोज निसटत होतो, पण थोड्याथोडक्यानं. किती दिवस निसटणार, ते मला दिसत होतं.

मॅडमनी सुजाताला आत बोलावलं. म्हणाल्या, तुमच्यात विश्वास आत्ता नाहीये, तो उद्या येईल असंही नाही. तोवर नियमावर चालू. घरी भिंतीवर दिनदर्शिका आहे ना? रोज सकाळी आठला यांनी पाकिटातून गोळी फोडायची, तुमच्या देखत घ्यायची, तारखेच्या चौकोनात दोघांनी सही करायची. अन्नात काही जाणार नाही, आणि गोळी चुकणार नाही. परमिट समजा.

सुजाता इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिथं बोलली. म्हणाली, हे मला मान्य आहे, पण यांना पाळता येईल का ते विचारा. मी रागावलो. नियम काय असतो ते मला शिकवू नको म्हणालो.

तिनं मग एक गोष्ट सांगितली. रविवारी आम्ही विहारात वंदनेला जातो. सगळे मिळून पंचशील म्हणतात. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. तिथं आलो की मी आवाज बंद करून नुसते ओठ हलवायचो. माझ्या मते हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पाचव्याला तुमचा आवाज जातो," ती म्हणाली. "बायांच्या बाजूला बसून मला समद्या गर्दीत त्यो ऐकू येत न्हाई. धा वर्सं झाली."

मला मॅडमसमोर रडू आलं. मी कागदावर सही केली. गोळी दुसऱ्या दिवशी सुरू झाली.

आणि भीतीचा नवा कारखानाही. न्हाव्यानं दाढी केली आणि बाटली उचलली की मी खुर्चीतून उठायचो. लग्नातलं सरबत हुंगायचो. बँकेच्या दारात हातावर सॅनिटायझर ओतलं तर घरी येऊन साबणानं धुवायचो. लेक अस्मिता नांदेडला नर्सिंग शिकते, वसतिगृहात असते. ती फोनवर समजवायची की पप्पा, एवढ्यानं काही होत नसतं. माझं जेवण तसंच, अंडी आणि केळी. चपाती खायला लागलो होतो, कारण ती तव्यावर दिसते. भाजीही थोडी. वरण नाही.

मोरी

आता लाजेची गोष्ट. चौथ्या महिन्यात मी गोळी जिभेखाली धरायला लागलो. सही करायचो, पाणी प्यायचो, मोरीत जाऊन थुंकायचो. पिणार होतो का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो, आणि ते मला स्वतःलाही खरं वाटलं असतं. मला फक्त दार उघडं हवं होतं. गोळी थांबवल्यावरही तिचा असर बरेच दिवस राहतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी मनातल्या मनात तो असर उतरायची वाट बघत होतो. भिंतीवर आमच्या दोघांच्या सह्या पडत होत्या. त्यातली माझी खोटी होती.

त्या दोन मंगळवारी गुरुजी बाकावर नव्हते. मी सिस्टरला विचारलं, त्यांनी सांगितलं नाही. मला नको ते दिसायला लागलं. तिसऱ्या मंगळवारी ते आले. शर्टाला इस्त्री नव्हती, गालावर खरचटलेलं. रुमालानं तोंड झाकून बसले. मी जवळ सरकलो तर हळू आवाजात म्हणाले, "घेतली हो. आठ दिस घेतली. आज परत आलो." त्यांचा नंबर आला, ते आत गेले. मी दाराकडे कान लावून बसलो, की आता डॉक्टर काय काय बोलतात. डॉक्टर म्हणाले, या गुरुजी, बसा, बरं झालं आलात. बस्स.

माझा नंबर आल्यावर सुजाता आणि मी मॅडमच्या खोलीत गेलो तेव्हा मी बसायच्या आधीच बोललो. सोळा दिवस गोळी घेतली नाही, मोरीत थुंकतोय.

सुजातानं पर्स उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं आता ही उठेल आणि नायगावची बस धरेल. आयुष्यात मला एवढी भीती खांबावरही वाटली नव्हती.

मग ती म्हणाली, "म्या वरणात घातलं, तुमी मोरीत थुकलं. झाली फिट्टंफाट. आता पुढचं बघा."

पुढचं असं ठरलं. डॉक्टरांना विचारून गोळी ग्लासभर पाण्यात विरघळवायची आणि सगळा ग्लास प्यायचा. ढवळायची सुजातानं, माझ्यासमोर. पहिल्या सकाळी चमचा ग्लासच्या काठाला लागून वाजायला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. ढवळलेलं पांढरं पाणी तिच्या हातून घ्यायचं होतं. मी प्यायलो. 

नायगाव

सात महिने झाले असतील. मामी घरात पाय घसरून पडल्या, हाताचं हाड मोडलं. सुजाताला नायगावला जावं लागलं. ढवळायला कोण? अस्मिता चार दिवस येते म्हणाली. मॅडम म्हणाल्या, लेकीवर हे ओझं नको. रोज आठला व्हिडिओ कॉल करायचा, मी ढवळायचं, प्यायचं, रिकामा ग्लास दाखवायचा. सही माझी आज, तिची आल्यावर.

दोन दिवस नीट गेले. तिसरा दिवस रविवार. आठला फोन लावला, बंद. सव्वाआठला बंद. नऊला बंद. मामींच्या घरातला दुसरा फोन मला माहीत नव्हता. पुडीच्या त्या दिवसापासून मी मामींशी बोललोच नव्हतो, त्यांच्या उंबऱ्यावर गेलो नव्हतो. नंबर कशाला ठेवीन?

एक दिवस गोळी नाही घेतली तर आकाश कोसळत नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि एकट्यानं ढवळून प्यायलाही कोणी अडवलं नव्हतं. पण मी ग्लास भरला आणि माझं मला दिसलं, की मी तो मोरीकडे धरून उभा आहे. कोणी बघत नव्हतं. सुट्टीचा अख्खा दिवस समोर होता. दहाला दुकान उघडतं.  मला त्या घरात माझ्यासोबत राहायची भीती वाटली.

मी पाणी ओतून दिलं, गोळीचं पाकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि बसस्टँड गाठलं. लातूर, तिथून नांदेडची गाडी. अहमदपूरला गाडी थांबली. माझ्या खिडकीसमोर बरोबर एक दुकान, दुकानाला जाळी, जाळीपुढं माणसं. ड्रायव्हर चहाला उतरला. मी पाकिटावर हात दाबून बसलो आणि समोरच्या सीटवरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. गाडी निघाली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

नायगावला पोचायला तीन वाजले. सुजाता दारातच होती. मला बघून तिचा चेहरा पडला. काय समजायचं ते तिनं समजून घेतलं होतं. ती जवळ आली, काही न बोलता माझ्या तोंडाशी नाक आणलं. मी डॉक्टरांच्या नळीत मारतो तशी फुंकर मारली.

"फोन कामून बंद हाय?" मी विचारलं.

"लाईट न्हाई सकाळपासून. कुठं तरी तार तुटली म्हणं. चार्जिंग संपलं."

म्हणजे इथलाही कोणीतरी वायरमन परमिट घेऊन वर चढला होता. मी खिशातून पाकीट काढलं. ती बघत राहिली, मग आत जाऊन ग्लास आणि चमचा घेऊन आली. मी गोळी फोडली. ती ढवळायला लागली तेव्हा चमचा फार वाजत होता.  मी ग्लास रिकामा करून तिला दाखवला.

आत खाटेवर मामी होत्या, हाताला प्लास्टर. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी विचारलं, आता कसं वाटतंय. त्या बरं म्हणाल्या.  मग मामींनी तोंड न वळवताच लेकीला सांगितलं, "जावई सकाळपासून उपाशी असतील. त्यांना अंडी उकडून दे."

त्यांना माहीत होतं. सात महिने होऊन गेले होते, मी काय खातो आणि काय खात नाही, हे त्या इतक्या लांबून मोजत होत्या. मला त्यांचा राग शोधूनही सापडेना. पोरीचा नवरा मरू नये म्हणून बिलोलीच्या बाजारात जाऊन पुडी आणणारी एक म्हातारी बाई होती ती, आणि त्या पुडीनंच तो मरता मरता वाचला होता. दोघंही एकाच गोष्टीला भ्यायलो होतो.

"अंडी नको, मामी," मी म्हणालो. "वरण असंल तर वाढा."

सुजाता ताट घेऊन आली. भात, वर वरण, कोथिंबीर. ती समोर बसली. सवयीनं तिचा हात पहिल्या घासासाठी पुढे आला. मी राहू दे म्हणालो. घास उचलला. छाती धडधडत होती, हे लपवून काय करायचंय? तोंडात घातला, चावला, गिळला. मामी आता माझ्याकडे बघत होत्या.

वरण आळणी होतं. एका हातानं मामींना सांभाळत सुजातानं घाईनं केलेलं. मी मीठ कमी आहे म्हणालो. सुजाता उठली, मिठाचा डबा घेऊन आली, चिमूट घेतली आणि ताटावर हात तसाच थांबवला. पांढरी चिमूट, माझ्या वरणाच्या वर.

"घालू?" तिनं विचारलं.

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. भीती होतीच, अजूनही असते.

"घाल," मी म्हणालो.